सासूबाईंचं ग्रीन कार्ड: २०१५ च्या दिवाळीपासून आजपर्यंत

सासूबाई ग्रीन कार्डावर, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यावर, आमच्याकडे एडिसनला आल्या त्याला आता नऊ महिने झाले. अर्ज केल्यापासून त्या विमानातून उतरेपर्यंत पंचवीस महिने लागले. त्याआधीची दोन वर्षं नुसत्या भीतीत गेली, आणि ती भीती निम्मी अज्ञानाची होती. म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही. न्यू जर्सीतला एक जावई आहे.

आधी आमची चूक सांगतो.

सासू-सासरे (आम्ही आई-अण्णा म्हणतो) नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्यटक व्हिसावर आले. बायको गरोदर होती. व्हिसा होता दहा वर्षांचा. अण्णा निवृत्त हेडक्लार्क, कागद वाचण्यात पक्के. ‘२०२४ पर्यंत छापलंय, घाई कसली?’ असं ते म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो. पण व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. आईंच्या पासपोर्टातल्या शिक्क्यावर अधिकाऱ्यानं पेनानं ७ मे २०१५ असं लिहिलं होतं. तो शिक्का आम्ही चौघांपैकी कुणीही धड वाचला नाही.

मुलगा वेळेच्या बराच आधी जन्मला, दोन महिने इस्पितळात काचेच्या पेटीत होता. त्या दिवसांत आई नसत्या तर आमचं काय झालं असतं कोण जाणे. तारीख माझ्या लक्षात आली ती जुलैत. मुदतवाढीचा अर्ज (आय-५३९) ७ मेच्या आत जायला हवा होता. तो गेला असता तर अर्जाचा निकाल लागेपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरले गेले नसते. पण मुदत उलटून गेली होती आणि ‘आता उशीर झालाच आहे’ या एका वाक्यावर आम्ही पुढचे चार महिने काढले. सप्टेंबरात बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मग बायको म्हणाली, आलाच आहात तर दिवाळी करून जा.

आता हिशेब बघा. मुदत संपल्यावर १८० दिवसांच्या आत देश सोडला तर पुन्हा येण्यावर बंदी लागत नाही. व्हिसा तेवढा रद्द होतो. १८० पेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल तर तीन वर्षांची बंदी, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षांची. इकडे सगळे हिला ‘बार’ म्हणतात. आमचे १८० दिवस ३ नोव्हेंबरला भरले. लक्ष्मीपूजन ११ तारखेला होतं. आई-अण्णा २२ नोव्हेंबरला विमानात बसले, म्हणजे मुक्काम जवळपास दोनशे दिवस जास्त. चकल्या-अनारशांपायी तीन वर्षं गेली असं मी बायकोला एकदाच म्हणालो. पुन्हा म्हणालो नाही.

२०१७ मध्ये अण्णांनी मिरजेहून दोघांसाठी पुन्हा व्हिसाचा अर्ज केला. मुंबईला जाऊन आले, नकाराची चिठ्ठी मिळाली, तिच्यावर कलमाचा आकडा होता. त्यांनी ती फाइलला लावली आणि विषय बंद केला. डिसेंबर २०२० मध्ये अण्णा गेले. विमानं धड चालू नव्हती, बायकोनं वडिलांना फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं. त्यानंतर आई मिरजेच्या घरात एकट्या.

मी त्याआधीच नागरिक झालो होतो, त्यामुळे माझ्या डोक्यात साधं गणित होतं की सासूसाठी मीच अर्ज करीन. करता येत नाही. या कायद्यात जावई आणि सून हे नातंच नाही. आई-वडिलांसाठी अर्ज त्यांच्या मुलानं किंवा मुलीनं करायचा, तोही नागरिक असला आणि वयाची २१ वर्षं पूर्ण असली तरच. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. बायकोनं नागरिकत्वाची शपथ घेतली २०२२ मध्ये. तोवर जावईबापू बसून होते.

मग वकील. पहिले ओळखीतून मिळाले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की बेकायदा मुक्काम आहे, तर माफीचा अर्ज, म्हणजे आय-६०१ वेव्हर, भरावा लागेल. त्याची सरकारी फी तेव्हा ९३० डॉलर होती, यांची त्याच्या कित्येक पट. आम्ही आगाऊ रक्कम दिलीसुद्धा. महिन्याभरानं बायकोनं रात्री जागून त्या अर्जाच्या सूचना स्वतः वाचल्या आणि मला उठवलं. बंदीतून माफी हवी असेल तर जिच्यासाठी अर्ज आहे त्या व्यक्तीचा नवरा, बायको किंवा आई-वडील इथले नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असावे लागतात, आणि त्यांना अतोनात हाल सोसावे लागतील हे दाखवावं लागतं. मुलगी त्यात बसत नाही. आईंचे यजमान गेलेले, त्यांचे आई-वडील केव्हाच गेलेले. म्हणजे हा अर्ज आमच्या नावानं उभाच राहू शकत नव्हता. शिवाय त्याची गरजही नव्हती, कारण तीन वर्षं देश सोडल्याच्या दिवसापासून मोजतात आणि ती नोव्हेंबर २०१८ मध्येच संपली होती! दुसऱ्या वकीलबाईंनी तासाभराच्या सल्ल्याचे पैसे घेतले, तारखा दोनदा विचारल्या आणि म्हणाल्या, ‘बार संपलाय, सरळ अर्ज करा.’ पहिल्यांकडून आगाऊ रक्कम परत मिळाली नाही.

पण बाईंनी जाता जाता एक प्रश्न विचारला आणि आमची झोप उडाली. २०१७ च्या व्हिसा अर्जात ‘तुम्ही कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का’ या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं? तिथे ‘नाही’ असेल तर ते खोटं विधान, आणि त्याची बंदी आयुष्यभराची. तिलाही माफी आहे, पण तिथेही मुलं चालत नाहीत. म्हणजे जास्त राहण्याची शिक्षा तीन वर्षांत फिटते आणि एका खोट्या ‘नाही’ची कधीच नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आईंना विचारलं तर त्यांना आठवेना. अर्ज अण्णांनी भरला होता. एवढं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं की सांगलीचा एक एजंट घरी येऊन गेला होता आणि म्हणाला होता, ‘काका, नवा पासपोर्ट काढा, त्यात जुना शिक्का दिसत नाही, नाही म्हणून टाका.’ मी त्याच आठवड्यात तिकीट काढून मिरज गाठली. सतारमेकरांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. माळ्यावर पत्र्याची पेटी, पेटीत वर्षावार बांधलेल्या फायली, प्रत्येकीवर लाल शाईत साल. २०१७ ची नाडी सोडली. वर नकाराची चिठ्ठी, खाली पूर्ण अर्जाची छापील प्रत, टाचणी गंजलेली. तेराव्या की चौदाव्या पानावर तो प्रश्न. उत्तर ‘होय’. खाली खुलाशाच्या चौकटीत इंग्रजीत तीन ओळी: नातू अपुऱ्या दिवसांचा जन्मला, मुदतीकडे लक्ष राहिलं नाही, चूक आमची. समासात अण्णांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘एजंटास नकार दिला. १५/६.’ मी तिथेच माळ्यावर बसून राहिलो. आई खालून विचारत होत्या, ‘सापडलं का हो?’

मार्च २०२३ मध्ये बायकोनं आय-१३०, म्हणजे आईंसाठीचा मूळ अर्ज, भरला, फी ५३५ डॉलर (एप्रिल २०२४ पासून ती वाढली). मंजुरी मे २०२४ मध्ये. पुढे प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं, तिथे ३२५ आणि १२० डॉलरच्या आणखी दोन फी.

कागदपत्रांत सगळ्यात घाम काढला तो आईंच्या नावानं. जन्म १९५१ चा, खेड्यातला, जन्मनोंदच नाही. ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि वयानं मोठ्या दोघा नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. त्यातले एक मामा ऐंशीचे, त्यांना रिक्षातून नोटरीकडे नेलं तर म्हणाले, ‘हिच्या बारशाचं जेवण मी जेवलोय, आणखी काय पुरावा पाहिजे?’ पण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आणि लग्नात तांदळात अंगठीनं लिहून बदललेलं नाव बायकोच्या जन्मदाखल्यावर. पहिलं नावच वेगळं! आपल्याकडे घरोघरी ही रीत होती, पण कागदाच्या दृष्टीनं त्या दोन बायका. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र केलं, लग्नाचा दाखला नव्यानं काढला, पिवळी पडलेली लग्नपत्रिकाही जोडली. तुमच्या आई-सासूबाईंचं असं असेल तर हे काम आजच सुरू करा, अर्ज मंजूर होण्याची वाट बघू नका.

जुना पासपोर्ट, कोपरे कापलेला, टाकू नका. अमेरिका बाहेर जाताना शिक्का मारत नाही. आई २०१५ मध्ये नक्की कधी गेल्या याचा आमच्या हातातला पुरावा म्हणजे मुंबई विमानतळावरचा आगमनाचा शिक्का.

आर्थिक हमीपत्र म्हणजे आय-८६४. बायको शाळेत अर्धवेळ काम करते, तिचं उत्पन्न पुरत नव्हतं. आम्ही चौघं आणि आई मिळून पाच माणसं, त्यासाठी २०२४ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला ४५,७२५ डॉलर दाखवावे लागत होते. मग माझं उत्पन्न जोडलं आणि सहीही. इथे एकदाचा जावई कायद्याच्या कामी आला. ही हमी आई नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही (म्हणजे दहा वर्षं) जमेपर्यंत, किंवा त्या ग्रीन कार्ड सोडून कायमच्या परत जाईपर्यंत, नाहीतर हयातभर चालते. उद्या माझा घटस्फोट झाला तरी सासूबाई माझ्याच. बायकोला हे वाचून फार आनंद झाला.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, फेब्रुवारी २०२५. त्याआधी वैद्यकीय तपासणी, लशी, बोटांचे ठसे आणि पोलिसांचा दाखला. मी सोबत होतो पण आत एकट्या आईच. नऊवारी नको, सहावारी नेसते म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं असं: खिडकीत गोरी मुलगी, शेजारी मराठी दुभाषी. मुलगी काय करते, जावई काय करतात, मग थेट, २०१५ मध्ये मुदतीपेक्षा जास्त का राहिलात? आई म्हणाल्या, ‘नातू पेटीत होता. मग दिवाळी आली.’ दुभाष्यानं काय भाषांतर केलं माहीत नाही, पण मुलगी हसली म्हणे. नव्या अर्जातही आम्ही त्या प्रश्नाला ‘होय’ लिहून तारखा आणि दिवस दिले होते, अण्णांची प्रत सोबत होती. तिनं ती पाहिली आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

आता नऊ महिन्यांच्या वापराबद्दल. कार्ड टपालानं आलं, त्याआधी २३५ डॉलरची आणखी एक फी भरावी लागते. सगळ्यात दुखणारी गोष्ट आरोग्य विमा. माझ्या नोकरीच्या विम्यात सासू बसत नाही. पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, विकत घ्यायलासुद्धा पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं. आम्ही राज्याच्या विमा बाजारातून योजना घेतली, आल्यापासून ६० दिवसांच्या आत घ्यायची असते. हप्ता आमच्या गाडीच्या हप्त्याहून मोठा आहे. हा खर्च धरल्याशिवाय अर्ज करू नका.

आईंचं म्हणाल तर ओक ट्री रोडवर भाजी मिळते, मंगळवारी भजनी मंडळ आहे, नातू आता अकरा वर्षांचा आहे आणि त्यांच्याशी मराठीत भांडतो. पण गाडी येत नाही म्हणजे इथे पाय नाहीत. जानेवारीत खिडकीशी बसून बर्फाकडे बघत त्या मिरजेच्या शेजारणीला फोनवर सांगतात, ‘सगळं चांगलं आहे गं, फक्त माणसं दिसत नाहीत.’ पाचपैकी किती, असं कुणी विचारलं तर बायको पाच देईल, मी साडेतीन.

एक वेगळी गोष्ट, कारण दोन ओळखीच्या घरांत हीच परिस्थिती आहे. आई किंवा वडील मुदत संपूनही आत्ता अमेरिकेतच असतील आणि मूल नागरिक असेल, तर घाबरून लगेच तिकीट काढू नका. बंदी लागते ती देश सोडल्यावर. विमानतळावर रीतसर नोंद होऊन आलेल्या आई-वडिलांना इथेच राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे. आधी चांगल्या वकिलाला भेटा, आणि तो माफीचा अर्ज म्हणाला तर ‘कुणाच्या नात्यावर?’ एवढं विचारा.

सध्या घरात चर्चा आहे ती आईंच्या मिरज फेरीची. मेअखेर जायचं, गणपती तिथे करायचे हे ठरलंय. ग्रीन कार्डवाला सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर परत येताना नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते, हे मी त्यांना सांगितलं. आकडा ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि नोव्हेंबरचं पान काढलं. ८ तारखेला लक्ष्मीपूजन.

‘परतीचं ऑक्टोबरातलं काढा,’ म्हणाल्या. ‘भाजणी तिकडून आणते.’