रोलरवर कानस चालली तेव्हा कळलं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं डक्टिंगचं, म्हणजे एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवायचं, छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी एका हॉस्पिटलच्या एसीचं काम मिळालं. पत्र्यांच्या कडा जोडणारे सगळे लॉक हाताने ठोकत बसलो तर मुदतीत होणार नव्हतं, म्हणून पिट्सबर्ग लॉकचं, म्हणजे एका पत्र्याच्या कडेला दुसऱ्याची कड बसवायची खाच पाडणारं, जुनं मशीन शोधायला लागलो. नवं परवडत नव्हतं.

परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने व्हिडिओ पाठवला. किंमत १ लाख ६० हजार. "१८ गेजपर्यंत बिनधास्त चालवा," म्हणाला. व्हिडिओत पत्रा आत जात होता आणि कडेला सुरेख खाच घेऊन बाहेर येत होता. मी त्या खाचेकडेच बघत राहिलो. पत्रा किती जाडीचा, ते विचारलंच नाही. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड: २४ गेज म्हणजे ०.६३ मिमी, १८ गेज म्हणजे १.२५, जवळजवळ दुप्पट. पातळ पत्रा कुठलंही मशीन वाकवतं. शिवाय व्हिडिओतली पट्टी जेमतेम दोन फुटांची होती.

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय," असं म्हणून आधी ५० हजार घेतले, गाडीत माल चढवायच्या आधी उरलेले सगळे. पतसंस्थेचं कर्ज काढून भरले.

मशीन आलं, २४ गेज ठीक चाललं. मेन डक्ट दीड मीटरच्या वर रुंद, त्याला २० गेज लागतो. तो घातला आणि पत्रा तिरका पळायला लागला. खाच मध्येच उघडी, पत्र्यावरचं जस्त खरवडून खाली चंदेरी भुकटी. आमच्याकडे मामा आहेत, पत्र्याच्या कामात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी बाजूचं कव्हर काढलं, पत्रा वाकवणाऱ्या शेवटच्या रोलरवर कानस घासली आणि माझ्याकडे बघितलं. "मालक, कानस धरतीय की ओ." हार्डनिंग केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या रोलरवरून कानस घसरते. इथे कीस निघत होता. मऊ लोखंडाच्या रोलरवर नुसता चकचकीत मुलामा. निळा रंग खरवडला तर खाली हिरवा, आणि नंबरप्लेटचे रिव्हेट कोरे करकरीत, म्हणजे रंगही नवा आणि प्लेटही नंतर ठोकलेली.

व्यापाऱ्याला फोन केला तर "बिल वाचा" म्हणाला. बिलावर लिहिलेलं होतं: जुनी मशिनरी, जशी आहे तशी. दोन दिवसांनी फोन उचलणंच बंद. पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात टिकवणं अवघड. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण सही करण्याआधी ती एक ओळ वाचली नाही याचा मला जास्त त्रास होतो.

कळकळीने सांगतो, व्हिडिओवर पैसे पाठवू नका. आपला २० गेजचा आठ फुटी पत्रा घेऊन जा, थ्री फेजवर समोर चालवून घ्या. नुसती खाच बघून थांबू नका, दुसऱ्या पत्र्याची उभी कड त्यात बसवून लॉक ठोकून बघा. किती मिमीपर्यंत चालतं ते आणि मशीनचा नंबर बिलावर लिहून घ्या. गेजवर विसंबू नका, मिमीच लिहायला लावा. विकणारा कव्हर उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

हॉस्पिटलचे मोठे डक्ट शेवटी मामांनी आणि मी रात्री जागून हातानेच ठोकले. सोलापूरच्या आसपास कुणी असं मशीन बघायला जाणार असेल तर सांगा. आम्ही दोघं कानस घेऊन सोबत येतो.