कॉर्पोरेट पायलटची नोकरी देतो म्हणून माझ्याकडून दोनदा पैसे घेतले

गेल्या आठवड्यात फ्लाइंग स्कूलमधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, ही जाहिरात खरी वाटते का? उद्या पहिला हप्ता भरायचाय." जाहिरात उघडली आणि माझे हातपाय गार पडले. शब्द न् शब्द ओळखीचा. बिझनेस जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कोपायलट, हवेत, उड्डाणाचे कमी तास असलेले उमेदवारही चालतील, टाइप रेटिंगचा (त्या ठरावीक विमानासाठी लायसन्सवर लागणाऱ्या मान्यतेचा) खर्च रुजू झाल्यावर परत. एजन्सीचं नाव तेवढं बदललंय. चार वर्षांपूर्वी याच मजकुराने मला फसवलं होतं. लाजेपोटी मी हे आजवर चारचौघांत कधी बोलले नाही. आपण गप्प राहिलो की त्या लोकांना पुढचं पोर सापडतं, म्हणून आता सगळं लिहून काढतेय.

तेव्हा माझ्याकडे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स होतं, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं आणि लॉगबुकात उड्डाणाचे जेमतेम २४० तास. सीपीएलसाठी आंतरराष्ट्रीय किमान अट २०० तासांची आहे, मान्यताप्राप्त कोर्समधून केलं तर १५०. एटीपीएलसाठी, म्हणजे एअरलाइन कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्ससाठी, १,५००. या दोन आकड्यांच्या मध्ये आम्ही सगळे अडकलेले असतो. एअरलाइनना अर्ज करून वर्ष होत आलं होतं, उत्तर कुणाचंच नव्हतं, आणि घरच्यांनी ट्रेनिंगसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. अशा वेळी कुणी "तुमचं प्रोफाइल आवडलं" म्हटलं तर माणूस विचार करायचा थांबतो. माझं तेच झालं.

एजंट बोलायला गोड होता आणि त्याला आमची भाषा येत होती. रोस्टर, लाइन ट्रेनिंग, ड्यूटी टाइम, सगळे शब्द जागच्या जागी. दोन दिवसांनी व्हिडिओवर मुलाखत झाली. समोर "ऑपरेशन्स मॅनेजर" म्हणून एक गृहस्थ. पंधरा मिनिटांत त्यांनी माझं शिक्षण विचारलं, लग्नाचा विचार आहे का ते विचारलं, ट्रेनिंगच्या खर्चाची तयारी आहे का ते तर तीनदा विचारलं. विमान उडवण्याबद्दल एकही प्रश्न नाही. मला तेव्हा वाटलं, चला, मुलाखत सोपी गेली.

त्यानंतर मी खऱ्या मुलाखतींना बसले आहे, म्हणून फरक सांगते. चीफ पायलट तुमचं लॉगबुक हातात घेतो आणि पान पान उलटतो. कुठल्या तरी एका नोंदीवर बोट ठेवून विचारतो, या दिवशी काय झालं होतं? मग हमखास येणारा प्रश्न: मालक मागे बसलाय, त्याला संध्याकाळच्या मीटिंगला पोचायचंच आहे, आणि पोचायच्या ठिकाणचं हवामान मिनिमाच्या, म्हणजे उतरायला लागणाऱ्या किमान मर्यादेच्या, खाली गेलंय. त्याला काय सांगशील, कोणत्या शब्दांत सांगशील? कॉर्पोरेट फ्लाइंगचा सगळा गाभा या प्रश्नात आहे. ज्या मुलाखतीत असलं काहीच विचारलं जात नाही, तिथे तुम्ही पायलट म्हणून बसलेलाच नसता.

तीन दिवसांत ऑफर लेटर आलं. जाड लेटरहेड, एका ऑपरेटरचं नाव, त्याचा एओसी (व्यावसायिक उड्डाणांचा परवाना) क्रमांक, कोपऱ्यात सायटेशन एक्सएलएस या बिझनेस जेटचा सुंदर फोटो. अट एकच: साठ दिवसांत टाइप रेटिंग पूर्ण करायचं, सिम्युलेटरचा स्लॉट एजन्सी मिळवून देणार, आणि फी एजन्सीच्या खात्यात भरायची. ट्रेनिंग सेंटरच्या खात्यात नव्हे, एजन्सीच्या. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "नोकरी देणारा तुझ्याकडूनच पैसे का मागतोय?" मी म्हणाले, "बाबा, एव्हिएशनमध्ये असंच असतं."

हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच फसवणूक पचते. स्वखर्चाने टाइप रेटिंग करणारे पायलट आहेत, पैसे भरून उजव्या सीटवर तास मिळवणारेही आहेत. पण ज्याला खरोखर तुम्हाला घ्यायचंय तो कॉर्पोरेट ऑपरेटर बहुतेक वेळा ट्रेनिंग सेंटरला स्वतः पैसे देतो आणि तुमच्याकडून बाँड लिहून घेतो: इतकी वर्षं आमच्याकडे राहा, आधी सोडलंत तर उरलेल्या काळाच्या हिशेबाने परत करा. म्हणजे जोखीम तो घेतो. माझ्या बाबतीत सगळी जोखीम माझी होती.

ट्रेनिंग मात्र खरं झालं. खरं सेंटर, खरा लेव्हल डी, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा, सिम्युलेटर. स्लॉट रात्री दोन ते सकाळी सहा, कारण ते स्वस्तात मिळतात. तीन आठवडे डोळे चोळत व्ही-वन कट, सिंगल-इंजिन गो-अराउंड, इमर्जन्सी डिसेंट, असे आणीबाणीचे सगळे सराव केले. चेक पास झाले. लायसन्सवर टाइप चढला तेव्हा मी घरी फोन करून रडले होते. त्यामुळे पुढे बराच काळ संशय आलाच नाही.

मग जॉइनिंग पुढे जायला लागलं. विमान मोठ्या इन्स्पेक्शनला आहे, एक पार्ट अडकलाय, मालक परदेशात आहे. तीन महिने असे गेले. चौथ्या महिन्यात एजंटचा फोन: "इन्शुरन्सवाले अडले आहेत. टर्बाइन इंजिनच्या विमानावरचे शंभर तास दाखवा म्हणतात. तुमच्यासाठी मी किंग एअर विमानावर सोय केलीये." सोय म्हणजे पुन्हा पैसे. आता इन्शुरन्सची गोष्ट खोटी नाही, उलट अगदी खरी आहे. बिझनेस जेटच्या पॉलिसीत पायलटांची नावं तरी लिहिलेली असतात, नाहीतर एकूण किती तास आणि त्या टाइपवर किती तास हवेत याची अट असते. चीफ पायलटला तुम्ही कितीही आवडलात तरी इन्शुरर नाही म्हणाला की विषय संपतो. म्हणजे हा प्रश्न टाइप रेटिंगच्या आधी विचारायचा होता: तुमची पॉलिसी २४० तासांचा कोपायलट स्वीकारते का? मी तो विचारला नाही. पहिले पैसे बुडू नयेत म्हणून दुसरे भरले.

किंग एअर बी२०० वर मी ३१ तास उजव्या सीटवर बसले. रेडिओ सांभाळायचे, चेकलिस्ट वाचायचे, गिअर खालीवर करायचे. कॅप्टन वयस्कर, कमी बोलणारे. एका संध्याकाळी लँडिंगनंतर आम्ही हँगरमध्ये उभे होतो आणि ते पंखावर वही टेकवून टेक लॉग, म्हणजे विमानाच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद, भरत होते. मी सहज वाकून पाहिलं. क्रूच्या रकान्यात पहिल्या ओळीवर त्यांचं नाव आणि सही. दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ. आधीची पानं उलटली. प्रत्येक पानावर तीच रेघ.

मी म्हणाले, "सर, माझं नाव?"

त्यांनी पेन मिटलं. "अगं, हे विमान एका पायलटसाठी सर्टिफाइड आहे. आपण प्रायव्हेटमध्ये उडतोय. दुसरा पायलट लागतच नाही, तर तुला क्रू म्हणून लिहू कसा? तू हे तास कशात लिहितेयस?"

मी कोपायलटच्या रकान्यात लिहीत होते. एजंटने तसंच सांगितलं होतं.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे फक्त पैसे जात नाहीत, लायसन्सही जाऊ शकतं. कोपायलटचे तास तेव्हाच धरतात जेव्हा विमानाच्या सर्टिफिकेशननुसार किंवा त्या उड्डाणाला लागू असलेल्या नियमांनुसार दुसरा पायलट आवश्यक असतो. एक्सएलएसला दोन पायलट लागतातच. किंग एअरवरही व्यावसायिक उड्डाणात, त्या ऑपरेटरच्या नियमांनुसार, दुसरा पायलट आवश्यक असू शकतो आणि तिथे ते तास रीतसर मिळतात. पण जिथे तुमची गरजच नाही तिथे तुम्ही हेडसेट लावलेले प्रवासी आहात. आणि हक्काचे नसलेले तास लॉगबुकात दाखवणं हा कुठल्याही देशात गंभीर गुन्हा मानला जातो.

त्या रात्री मी पहिल्यांदा ते काम केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ऑफर लेटरमधला फोटो मोठा करून शेपटीवरचा नोंदणी क्रमांक वाचला. बऱ्याच देशांची विमान नोंदवही कुणालाही पाहता येते. तो क्रमांक रद्द झाला होता, विमान केव्हाच दुसऱ्या देशात विकलं गेलं होतं. फ्लाइट ट्रॅकिंगवर त्या क्रमांकाने कित्येक महिन्यांत एकही उड्डाण नव्हतं. मग एओसी तपासला. तो खरा होता, ऑपरेटरही खरा. पण त्या ऑपरेटरचा फोन नंबर मी पत्रातून घेतला नाही, त्यांच्या स्वतःच्या अधिकृत नोंदीतून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

चीफ पायलट स्वतः बोलले. पत्राचा फोटो पाठवायला सांगितला. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. "हे पत्र आमचं नाही. सहीचा माणूस आमच्याकडे नाही. आमच्याकडे हे विमानच नाही." मला बोलता येईना. ते थांबले, आणि मग जे सांगितलं ते मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलं.

ते म्हणाले, आमच्याकडे दोन विमानं आणि सात पायलट आहेत. जागा निघाली तर मी जाहिरात देण्याआधी याच सात जणांना विचारतो की तुमच्या ओळखीत कोण आहे. कारण निवडलेल्या माणसाबरोबर मला चार-चार दिवस बाहेर राहायचंय. त्याने बॅगा लावल्या पाहिजेत, केबिन पुसली पाहिजे, केटरिंग वेळेवर आलं का बघितलं पाहिजे, पहाटे तीनला उड्डाणाचा स्लॉट बदलला तर तोंड वाकडं न करता विमानतळावरच्या हँडलिंगवाल्यांना फोन केला पाहिजे. हे एजंट मला काय सांगणार? म्हणून माणसाने सरळ मला गाठावं. मला एक पानाचा बायोडेटा पुरतो: एकूण तास, मल्टी-इंजिनचे तास, इन्स्ट्रुमेंटचे तास, लायसन्स आणि मेडिकल कधीपर्यंत आहे, कुठे राहायला तयार आहे. आणि मी कुठलं विमान उडवतो हे त्याला ठाऊक असावं. शंभर ऑपरेटरना एकच मजकूर पाठवलेला लगेच कळतो.

मी पोलिसांत तक्रार दिली. पैसे परत आले नाहीत. पावत्यांवर कुठेही "नोकरी" हा शब्द नव्हता, "मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही" असं छापलं होतं, आणि मी त्यावर सही केली होती. टाइप रेटिंगही हातातून गेलं. वर्षाच्या आत पुन्हा सिम्युलेटर चेक द्यावा लागतो, त्या विमानावर एकही उड्डाण नसताना तो खर्च करायची ऐपत उरली नव्हती.

लॉगबुकातल्या त्या ३१ तासांच्या नोंदी मी एकेक करून खोडल्या. व्हाइटनर नाही लावला, पान नाही फाडलं. लाल शाईची एक सरळ रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, शेजारी कारण, तारीख आणि सही. पुढच्या सगळ्या बेरजा दुरुस्त केल्या. नंतर मी इन्स्ट्रक्टर रेटिंग केलं आणि तीन वर्षं शिकवलं. शिकवता शिकवता जनरल एव्हिएशन हँगरमधल्या माणसांशी ओळखी झाल्या, कुणाचं विमान आहे, कोण उडवतं, कुणाला सुट्टीच्या बदलीला माणूस लागतो हे कळायला लागलं. आज ज्या विमानाच्या उजव्या सीटवर बसते, तिथे माझं नाव एका मेकॅनिकने सुचवलं. मुलाखतीत चीफ पायलटने त्या लाल रेघांवरच बोट ठेवलं. मी जे घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पान उलटलं आणि मेडिकल कधी संपतंय ते विचारलं.

ज्युनिअरला मी एवढंच करायला सांगितलं: एजंटला विमानाचा नोंदणी क्रमांक विचार, चीफ पायलटचं नाव विचार, त्याच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का विचार, आणि फी थेट ट्रेनिंग सेंटरला भरली तर चालेल का ते विचार. त्याने तेच चार प्रश्न लिहून पाठवले. उत्तर आलं की ही माहिती गोपनीय असते आणि इतके प्रश्न विचारणाऱ्यांना कंपनी घेत नाही. त्याने पैसे भरले नाहीत. काल तो एक पानाचा बायोडेटा घेऊन माझ्याकडे आला होता. तास नीट मांडलेत, फक्त मेडिकलची तारीख लिहायची राहिली होती, ती त्याने तिथेच बसून लिहिली.