अश्वगंधा की गुळवेल? ताणासाठी घेताय तर आधी हे वाचा

नाशिकमध्ये रविवार कारंज्याकडे सुटं चूर्ण मिळतं, मेडिकलमध्ये अर्काच्या गोळ्या. दोन्ही एकच समजू नका. अश्वगंधेच्या चाचण्यांमध्ये बहुतेक मुळाचा अर्क वापरलाय, साधारण ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे. ताण थोडा कमी होतो, झोप सुधारते. चार दिवसांत फरक शोधू नका. साध्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम, म्हणजे गोळीत ५०० मिलिग्रॅम नुसतं चूर्ण भरलेलं असेल तर ती जवळजवळ निरुपयोगी. डब्यावर ‘मूळ’ आणि विथॅनोलाइडची (अश्वगंधेतल्या मुख्य क्रियाशील घटकांची) टक्केवारी दोन्ही हवीत. पानं मिसळलेला माल परत करा.

गुळवेलीचा ताणावर उपयोग होतो याला तेवढा आधार नाही. शिवाय कुंपणावरची वेल तोडून काढा करणं धोक्याचं: तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असते, खोडावर ठसठशीत गाठी असलेली. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं.

यकृताला इजा अश्वगंधेनेही क्वचित होते. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज: लगेच बंद करा, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या. गरोदरपणात अश्वगंधा नकोच. थायरॉइड, मधुमेह किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) असेल तर अश्वगंधा आणि गुळवेल दोन्ही टाळा.

ताणासाठीच हवं असेल तर आमची पसंती अश्वगंधेच्या अर्काला, तीही दोन-तीन महिन्यांपुरती.