मॉडेल ४१: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं मॉडेल ४१ हे टार्गेट पिस्तूल ज्यांच्याकडे आहे, ती माणसं त्यावर बोलायला लागली की थांबत नाहीत. विषय मुलीच्या लग्नाचा चाललेला असो, गाडी फिरून या पिस्तुलावर येतेच. माझ्याकडे ते आल्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा होऊन गेला. कौतुक खरं आहे, पण लोक ते भलत्याच गोष्टीचं करतात. अचूक आहे, अचूक आहे म्हणून सांगतात. अहो, .२२ चं, म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीचं, कुठलंही बरं टार्गेट पिस्तूल २५ मीटरवर आपल्या हातापेक्षा अचूकच असतं. याचं मोल आहे ते ट्रिगरमध्ये, आणि कुठल्याही अवजाराशिवाय खोलता-जोडता येण्यात. वरूडकडच्या खेड्यात राहणाऱ्याला ही दुसरी गोष्ट फार उपयोगाची, कारण इकडे पिस्तुलाचा कारागीर शोधायला निघालात तर काटोल मागे टाकून थेट नागपूर गाठावं लागतं.

हे पिस्तूल १९५७ साली बाजारात आलं. अमेरिकेत एका हाताने २५ आणि ५० यार्डांवर खेळायचा जो बुल्सआय प्रकार आहे, त्यासाठी ते बनवलं होतं. सुरुवातीचं बॅरल, म्हणजे नळी, लांब, ७ इंचांच्याही वर. साडेपाच इंची जाड बॅरल नंतर आलं आणि माझ्याकडे तेच आहे. जुनं पिस्तूल घेणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. आंतरराष्ट्रीय नियमांत २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाचं बॅरल १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. साडेपाच इंची म्हणजे साधारण १४० मिलिमीटर, ते बसतं. सात इंची दिसायला राजबिंडं, पण सामन्याच्या तपासणीतच बाहेर. वजनाला १४०० ग्रॅमची मर्यादा आहे, तिथे अडचण येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मी ते नागपूरच्या एका जुन्या नेमबाजाकडून घेतलं, खेळाच्या परवान्यावर. एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकायचं असेल तर शस्त्र कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ते थांबणं धरूनच चाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून घरात आजोबांची बारा बोअर असेल तर हिशेब आधी करा. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. खेळाडूंना त्यातून सूट मागता येते, पण अर्ज आणि सामन्यांचे कागद वेळेत पोचले पाहिजेत. ठाण्यातल्या माणसांना हे दरवेळी नव्याने समजावून सांगायची तयारी ठेवा.

गावात बातमी लपत नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बागेतले काका आले. "काहो भाऊ, यानं डुक्कर पडते काय?" संत्र्याच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. म्हटलं, काका, यानं फक्त कागद फाटते. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली, आणि ते बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले.

आता ट्रिगर. बोटाखाली रुंद पट्टी आहे, त्यावर उभ्या बारीक रेघा, बोट सरकत नाही. दाबायला लागलं की आधी काहीच होत नाही. खरखर नाही, मधे अडखळणं नाही. दाब वाढत जातो, वाढत जातो, आणि एका क्षणी सुटतं. सुटल्यावर ट्रिगर मागे किती जावा यासाठी आत एक छोटा स्टॉप आहे, तो स्क्रूने आपल्याला हवा तसा लावता येतो. तो नीट लावला की सुटताक्षणी बोट जागीच थांबतं, आणि पुढचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, कुठे होतं ते स्पष्ट दिसतं. नवशिक्याला याचा फायदा म्हणजे गोळी खाली-डावीकडे गेली तर दोष ट्रिगरवर ढकलता येत नाही. नियमाला किमान १००० ग्रॅमचा दाब लागतो. हे कारखान्यातून त्याहून जड येतं, म्हणून वजन लावून तपासताना धाकधूक नसते.

दुसरी गंमत साइटची. बहुतेक पिस्तुलांत मागचं साइट स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, बसवलेलं असतं आणि स्लाइड प्रत्येक गोळीला मागेपुढे होते. इथे बॅरलवरची पट्टीच मागे लांब आलेली आहे, मागचं साइट तिच्या टोकाशी, आणि स्लाइड तिच्या खालून सरकते. म्हणजे दोन्ही साइट आणि बॅरल हा एकच तुकडा. खोलून, पुसून परत लावलं तरी गोळी पहिल्याच ठिकाणी जाते. हे मी रेंजवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

खोलणं असं. मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, काढायचं, स्लाइड मागे ओढून अडकवायची, आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्याने बघायचं आणि करंगळीनेही चाचपायचं. मग ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, खाली ओढायचा, आणि बॅरल वर उचललं जातं. स्लाइड थोडी मागे घेऊन उचलायची आणि पुढे सोडायची. संपलं. स्क्रू नाही, पिन नाही, हातोडी नाही. रुगर कंपनीच्या जुन्या मार्क मालिकेतल्या पिस्तुलांच्या जोडणीवर नेमबाजांत वर्षानुवर्षं विनोद चालत आले, २०१६ च्या मार्क ४ मध्ये त्यांनी एका बटणावर खोलायची सोय केली तेव्हा कुठे ते थांबले. इथे ती सोय १९५७ पासून आहे. बॅरल हातात सुटं येतं, त्यामुळे सळई मागच्या बाजूने घालता येते. तोंडाकडून सळई घालून कडा झिजवायची आणि मग ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाकला म्हणून कुरकुर करायची, हा प्रकार टळतो. चिंध्यांना जुनं सुती धोतर उत्तम. कापसाच्या मुलखात तेवढी तरी चैन आहे. तेल शिलाई मशीनचं, एक थेंब स्लाइड सरकते त्या रुळांवर. खोबरेल लावू नका, ते घट्ट होऊन चिकटतं.

काडतुसांच्या बाबतीत मात्र याचे नखरे आहेत. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण अडीच ग्रॅमची, गोळी आणि स्टँडर्ड वेग, म्हणजे सेकंदाला हजार-अकराशे फुटांच्या मधला, हेच याला मानवतं. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या, काडतुसांनी उगाच हाडं खिळखिळी होतात. एका दुकानातून घेतलेल्या एका पेटीने मला दोन रविवार रडवलं. रिकामं नळकांडं बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडमध्ये उभंच अडकायचं. पेटी बदलल्यावर बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. उरलेलं कारण रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड परत पुढे ढकलणारी स्प्रिंग. इतक्या जुन्या पिस्तुलात आधीच्या मालकाने ती कधी बदलली होती कोण जाणे. नवी घातली, रिकामं नळकांडं ओढून काढणाऱ्या एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली साठलेला मेणाचा काळा थर टाचणीने कोरून काढला, आणि तो त्रास गेला. जुनं घेणाऱ्यांनी स्प्रिंगचा खर्च किमतीतच धरावा.

मेणावरून आठवलं. .२२ च्या शिशाच्या गोळीवर बाहेरून वंगण असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गाडीच्या डिकीत काय होत असेल ते विचारूच नका. ते वंगण मऊ पडतं, डब्याला लागतं, वर धूळ बसते आणि मग ती चेंबरमध्ये जाते. मी उन्हाळ्यात काडतुसं थर्मासच्या जुन्या टिफिन बॅगेत, सीटखाली नेतो. पिस्तूल वेगळं, रिकामं, कुलपात. पुलगावचा दारूगोळा डेपो आणि भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी विदर्भातच आहेत, पण आपल्याला लागणाऱ्या एवढ्याशा काडतुसासाठी मात्र दुकानदाराच्या फोनची वाट बघत बसायचं.

पावसाळ्यात निळ्या पॉलिशची परीक्षा होते. घामाच्या हाताचा ठसा रात्रभर राहिला की सकाळी तिथे तांबूस डाग. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. मी तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडात गुंडाळून तिजोरीत ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की मंद आचेच्या तव्यावर परततो. बायको म्हणते, भाजीपेक्षा तुमच्या पुड्याच जास्त वेळ तव्यावर असतात.

रेंज लांब असल्याने सराव बहुतेक घरीच, कोरडा. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसाच्या काठावर घाव बसतो त्या प्रकारात, रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नये, घाव घालणारी पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून खड्डा पाडू शकते. त्यावर या पिस्तुलाच्या मालकांचा ठरलेला इलाज म्हणजे भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते प्लॅस्टिकचे गट्टू. काडतुसाच्या मापाचा शोधायचा, आठ-दहा वेळा ओढून झालं की फिरवायचा किंवा टाकून द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानात पाकीट मिळतं. मॅगझिन आत असल्याशिवाय ट्रिगर काम करत नाही, तेव्हा रिकामं मॅगझिन लावावं लागतं आणि दरवेळी स्लाइड ओढावी लागते. वैताग आहे, पण होते सवय.

मी स्टँडर्ड पिस्तूल हा २५ मीटरचा प्रकार खेळतो. ६० गोळ्या, पाच-पाचच्या मालिका. पहिल्या २० ला प्रत्येक मालिकेला १५० सेकंद, पुढच्या २० ला २० सेकंद, शेवटच्या २० ला १०. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. पहिल्या टप्प्यात ट्रिगर लाड करतो. दहा सेकंदांत मात्र वजन मदतीला येतं, नळी उडते आणि जवळजवळ आपसूक जागेवर बसते. मॅगझिन दहाचं आहे, पण भरायच्या पाचच.

न आवडलेलं एकच, पण ते मोठं आहे. मुठीचा कोन अमेरिकन .४५ पिस्तुलाच्या मापाचा, म्हणजे जरा उभा. तिकडचे खेळाडू दोन्ही खेळतात, त्यांना ते सोयीचं. आपण एअर पिस्तुलावर शिकलेली माणसं, आपल्या मनगटाला मागे झुकलेल्या मुठीची सवय. हे हातात घेऊन डोळे मिटून उचललं की पुढचं साइट खाली बघतं. महिनाभर मी त्याच्याशी भांडत होतो. लाकडी मुठीला अंगठ्याचा आधार मात्र दोन्ही हातांना चालेल असा असतो, डावखुऱ्यांना तेवढी तरी अडचण नाही.

शेवटी वरूडच्या एका सुताराला सागाचा तुकडा दिला, जुन्या मुठीवरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा काढून. मूठ मनगटाला टेकता कामा नये हा नियम त्याला दोनदा सांगितला. पहिली केली ती मागे एवढी लांब की सरळ बाद. "साहेब, हात तर मस्त बसते," असं तो म्हणाला, आणि बसत होताही. दुसरी करायला टाकली आहे. संत्र्याचा मृग बहार निघायच्या आत हातात आली तर त्याच मुठीवर नागपूरला खेळेन, नाहीतर आहे तीच.