मॉर्फोसोर्स: फाइल उतरवण्याआधी व्हॉक्सेलचा आकार बघा

संग्रहालयाच्या कपाटातला नमुना अभ्यासायचा म्हणजे परवानगीसाठी पत्रव्यवहार, प्रवास आणि ठिसूळ हाडाला धक्का लागण्याची धास्ती. मॉर्फोसोर्समुळे यातलं बरंचसं टळतं. ड्यूक विद्यापीठात २०१३ साली सुरू झालेल्या या ऑनलाइन भांडारात अनेक संग्रहालयांतल्या नमुन्यांचे सीटी स्कॅन आणि त्रिमितीय मॉडेल ठेवलेले आहेत. खातं उघडायला पैसे लागत नाहीत.

सर्वात भक्कम भाग आहे तो ओव्हर्ट प्रकल्पाचा. फ्लोरिडाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या पुढाकाराने १८ संस्थांनी २०१७ ते २०२३ या काळात १३,०००हून अधिक पृष्ठवंशीय नमुने स्कॅन केले. त्यात अल्कोहोलमध्ये जपलेले अख्खे प्राणी पुष्कळ आहेत. बरणीतला प्राणी न कापता त्याचा सांगाडा दिसतो, याचं मोल फार मोठं आहे. आफ्रिकेतल्या काटेरी उंदरांच्या शेपटीत कातडीखाली हाडांच्या चकत्या असतात, हे अशाच स्कॅनमधून लक्षात आलं. हयात सस्तन प्राण्यांत तोवर हे चिलखत फक्त आर्माडिलो या अमेरिका खंडांतल्या कवचधारी प्राण्याचं मानलं जात होतं. नामशेष प्राण्यांपैकी होमो नालेदी या मानवाच्या नामशेष प्रजातीच्या हाडांचे स्कॅनही २०१५ साली इथे खुले झाले.

मात्र शोधपानावरचं सुंदर चित्र बघून फाइल उतरवू नका. आधी व्हॉक्सेलचा, म्हणजे स्कॅन ज्या इवल्या घनांनी बनतो त्यातल्या एका घनाचा, आकार बघा. स्कॅनरच्या डिटेक्टरवर साधारण २,००० पिक्सेल धरले आणि १०० मिमी लांबीचा प्राणी एका दमात स्कॅन केला, तर एक व्हॉक्सेल ०.०५ मिमीचा होतो. ०.१ मिमी जाडीचा पापुद्रा मग जेमतेम दोन व्हॉक्सेलमध्ये उमटतो आणि जागोजागी भोकं पडल्यासारखा दिसतो. जो भाग मोजायचा त्याच्या जाडीत निदान चार-पाच व्हॉक्सेल हवेत. त्यामुळे कानातली हाडं किंवा दात हवे असतील तर अख्ख्या शरीराचा स्कॅन सोडून त्याच नमुन्याच्या डोक्याचा वेगळा स्कॅन आहे का, ते शोधावं.

दुसरी अडचण संगणकाच्या स्मृतीची. २,००० × २,००० × २,००० व्हॉक्सेलचा १६-बिट स्कॅन उघडला की १६ जीबी रॅम तिथेच जाते, आणि हाड वेगळं काढताना याच्या कितीतरी पट लागते. असे स्कॅन उघडणारं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचं स्लायसरमॉर्फ हे पूरक साधन, दोन्ही फुकट आहेत. त्यातल्या इमेजस्टॅक्स या विभागात निम्म्या रिझोल्यूशनवर उघडलं की तोच स्कॅन २ जीबीवर येतो. हवा तेवढा भाग चौकटीत धरून तेवढाच पूर्ण तपशिलात पुन्हा उघडावा.

स्कॅनचा एकेक काप टिफ चित्र म्हणून ठेवलेला असतो. अशा चित्रांच्या गठ्ठ्यात व्हॉक्सेलचं माप बहुतेकदा नसतं, ते मॉर्फोसोर्सवरच्या नोंदीतून बघून हाताने भरावं लागतं. नोंदीत मायक्रोमीटर आणि सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटर असेल तर कवटी थेट हजारपट मोठी होते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. चित्रांचा क्रम उलटा लागला तर मात्र आरशातली प्रतिमा तयार होते आणि डाव्या मांडीचं हाड उजवं ठरतं. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या कवटीत हे ओळखूच येत नाही. सुट्या जीवाश्म हाडाच्या बाबतीत तर सगळा निष्कर्षच फिरतो. नोंदीत दिलेली बाजू पडताळून पाहा, आणि गरज पडल्यास क्रम उलटा करण्याचा पर्याय वापरा. त्रिमितीय मॉडेलच्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एककच नसतं, म्हणून एखादी माहीत असलेली लांबी मोजून खात्री करावी.

हयात प्राण्याचं हाड मांसापासून घनतेच्या एका उंबरठ्यावर झटकन वेगळं होतं. जीवाश्मात हाड आणि भोवतालचा खडक यांची घनता बऱ्याचदा जवळपास सारखी असते, मग एकेक काप हाताने रंगवण्याशिवाय गत्यंतर नाही. धातुयुक्त खनिजं असतील तर चकाकते पट्टे उमटून बारकावे झाकले जातात. मऊ भाग हवे असतील तर आयोडीन मुरवलेल्या नमुन्याचे स्कॅन निवडा. आयोडीनमुळे स्नायू आकसतात, म्हणून त्यांचं आकारमान जसंच्या तसं धरू नये.

शोधयंत्रणा हा या सेवेचा कच्चा दुवा आहे. एकच प्राणी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही शास्त्रीय नावांखाली सापडू शकतो, म्हणून दोन्ही नावं आणि संग्रहालयाचा नमुना क्रमांक टाकून बघावं. काही फाइली लगेच उतरवता येतात, काहींना मालकाची मंजुरी लागते. अर्जात नुसतं 'संशोधनासाठी' असं न लिहिता कोणतं हाड, कोणतं मापन आणि परिणाम कुठे देणार ते लिहा. वापराच्या अटी प्रत्येक फाइलच्या वेगळ्या असतात, त्यामुळे मॉडेल छापून विकायचं असेल तर त्या आधी वाचाव्यात. शोधनिबंधात नमुना क्रमांकाबरोबर मॉर्फोसोर्सचा मीडिया क्रमांकही द्यावा, कारण एकाच नमुन्याचे अनेक स्कॅन असतात आणि मोजमाप नेमकं कुठल्या स्कॅनवरून घेतलं हे त्याशिवाय कळत नाही.