विडी घरकुलाजवळचं रविवारचं रेशन टेबल : पाचपैकी चार

आधी पैशांचं सांगते, कारण जो तो पहिल्यांदा तेच विचारतो. रेशन कार्डाची कामं इथे करून देतात, आणि ती फुकट आहेत. झेरॉक्सचे दोन रुपये पान तेवढे आपले. याच कामाचे एका एजंटानं माझ्या वहिनीला "सगळं मिळून पंधराशे" सांगितले होते, आणि त्यातले पाचशे आगाऊ घेऊन तो दोन महिने फोन उचलत नव्हता.

विडी घरकुल या सोलापूरच्या विडी कामगारांच्या वसाहतीजवळ, देवळाच्या सभामंडपात दर रविवारी दहा ते एक बसतात. एक टेबल, एक लॅपटॉप, पुरवठा खात्यातून कारकून म्हणून रिटायर झालेले एक काका आणि कॉलेजच्या दोन पोरी. बोर्ड नाही, बॅनर नाही. चपलांचा ढीग दिसला की समजायचं, चालू आहे.

आमची अम्मा विड्या वळते. सोलापूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : मांडीवर सूप, सुपात पानं नि जर्दा, आणि हजार भरल्याशिवाय उठायचं नाही. चाळीस वर्षं पानं वळून वळून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणतं. दुसरा अंगठा, नाही. पदराला पुसून परत, नाही. मागची लाईन कुरकुरायला लागते आणि अम्मा स्वतःच म्हणते, "ऱ्हाऊ द्या, उद्या येते." असे कितीक 'उद्या' झाले. त्यात ई-केवायसी आली, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं. केवायसी नाही तर धान्य बंद होणार, असं सगळीकडे ऐकू येऊ लागलं, तेव्हा मी तिला घेऊन या टेबलावर गेले.

केवायसीचं काम दहा मिनिटांचं निघालं. अंगठ्याऐवजी चेहऱ्यानंही होते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यासाठी फोनवर दोन ॲप लागतात, 'मेरा ई-केवायसी' आणि 'आधार फेस आरडी'. दुसऱ्याचं चित्र फोनवर दिसत नाही, म्हणून मी ते घरी तीनदा उतरवलं होतं! ते मागच्या मागे चालतं, उघडायचं नसतं. आधार नंबर टाकला, ओटीपी आला, मग चेहरा गोलात धरून डोळ्यांची उघडझाप करायची. अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. "डोळे मिटा" म्हटल्यावर तिनं घट्ट मिटले ते उघडेचना, तिला वाटलं थेंब टाकणार. शेवटी त्यातली एक पोरगी तेलुगूत म्हणाली, "अम्मा, कळ्ळु मूयंडि, तेरवंडि." मग जमलं. एवढ्यासाठी एक स्टार माझ्याकडून आधीच.

पण खरं काम पुढे होतं, आणि ते आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. काकांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "घरात जेवायला माणसं किती?" चार : अम्मा, वहिनी आणि तिची दोन पोरं. माझा भाऊ कोविडमध्ये गेला. कार्डावर नावं दोन, अम्माचं आणि भावाचं. भावाचं धान्य कधीच बंद झालेलं. म्हणजे चार तोंडांना महिन्याला 5 किलो. वहिनी म्हणायची, "केशरी कार्डावर एवढंच मिळतं." आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो.

काकांनी कागदावर लिहून दाखवलं. कार्डाचा रंग केशरी असला म्हणजे धान्य मिळतंच असं नाही, त्यावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का लागतो. तो असला की माणशी 5 किलो. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, माणसं न मोजता 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, त्याआधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये होता. प्राधान्यासाठी शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं, खेड्यात 44 हजारांच्या. (59 हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही ओ. हा आकडा कुणी काढला त्यानं आमच्या गल्लीत महिनाभर राहून बघावं.) आमच्या कार्डावर शिक्का होता. नावंच नव्हती.

वहिनीचं नाव का नव्हतं? ती इंडीची. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या कर्नाटकातल्या कार्डावर तसंच. आधार एकच असल्यामुळे इथे टाकायला गेलं की सिस्टिम परत पाठवते. त्या एजंटाचं घोडं इथेच अडलं असणार. काकांनी तिच्या भावाला तिथल्या तिथे फोन लावला, अर्ज कुठे द्यायचा ते कानडीत समजावलं. महिन्याभरात नाव कमी केल्याचा कागद आला. इथल्या खिडकीवर मात्र "हे कानडी आम्हाला कळत नाही" म्हणून परत. दुसऱ्या रविवारी काकांनी त्याला मराठी भाषांतर स्टेपल करून दिलं, माझ्या भावाचा मृत्यूचा दाखला, पोरांचे जन्मदाखले आणि आधार लावले आणि ऑनलाइन अर्ज भरून पोच हातात दिली. "मंजुरी आली तरी धान्य लगेच येईल असं नाही, इष्टांकात, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या कोट्यात, जागा लागते," हेही आधीच सांगितलं. खोटी आशा नाही. आम्हाला पुढे अडीच महिने लागले.

आता तक्रारी. टोकन नाही, त्यामुळे जो पुढे घुसेल तो पुढे. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर ते काही करू शकत नाहीत, आधी आधार केंद्रात जा म्हणतात, आणि हे तासभर लाईनमध्ये उभं राहिल्यावर कळतं. सुरुवातीलाच कुणीतरी विचारायला काय जातं? आणि काका चिडतात. प्रत्येक बाईला विचारतात, "दुकानात मशीनची पावती घेता का?" नाही म्हटलं की मास्तरासारखे ओरडतात. माझ्या वहिनीला तर सगळ्यांसमोर बोलले. ती दोन दिवस गप्प होती. एक स्टार त्याचा कापला.

गेल्या महिन्यात वहिनी दुकानातून आली, पिशवी उंबऱ्यातच ठेवली आणि आधी पावती काढून अम्माच्या सुपात टाकली. गहू, तांदूळ मिळून 20 किलो. अम्माला वाचता येत नाही. तिनं ती जर्दा झटकून देव्हाऱ्यात ठेवली.

जाणार असाल तर घरातल्या सगळ्यांचे आधार, कार्ड आणि ओटीपी येणारा फोन चार्ज करून न्या. साडेनऊलाच जा. पाण्याची बाटली न्या, तिथला माठ साडेदहाला रिकामा होतो.