कझन्स आणि मेलन : एकाच पक्षातील दोन धनाढ्य

अँड्र्यू मेलन आणि जेम्स कझन्स हे दोघेही अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे. मेलन पिट्सबर्गच्या बँकर घराण्यात वाढले, तर कॅनडात जन्मलेल्या कझन्स यांनी 1903 मध्ये फोर्ड कंपनीत 2,500 डॉलर गुंतवले आणि पुढे तिचा हिशेब व विक्रीव्यवहार कडक शिस्तीने सांभाळला. 1919 मध्ये कझन्स यांनी आपले समभाग सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलरना विकले. त्याच वर्षी ते डेट्रॉइटचे महापौर झाले आणि 1922 मध्ये शहरातील ट्राम त्यांनी नगरपालिकेच्या ताब्यात आणली.

मेलन 1921 पासून अमेरिकेचे अर्थमंत्री होते. श्रीमंतांवरील कर घटवल्यास भांडवल उद्योगात खेळते राहील, असे त्यांचे मत होते, आणि प्राप्तिकराचा सर्वोच्च दर त्यांच्या काळात 73 वरून 25 टक्क्यांवर आला. स्वतः कोट्यधीश असूनही, पुढे सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) झालेल्या कझन्स यांनी या धोरणाला विरोध केला व करखात्याची चौकशी चालवली. त्यावर खात्याने त्यांच्याच जुन्या समभागविक्रीवर सुमारे 1 कोटी डॉलरची वाढीव मागणी काढली, हा योगायोग मानणे कठीण आहे. 1928 मध्ये निकाल कझन्स यांच्या बाजूने लागला, उलट त्यांनीच जादा कर भरल्याचे ठरले. दानशूर दोघेही होते : मेलन यांच्या देणगीतून वॉशिंग्टनचे राष्ट्रीय कलादालन उभे राहिले, कझन्स यांनी मिशिगनमधील मुलांसाठी निधी दिला.